केल्विनने बिअर नाकारली

"मला नको," केल्विन म्हणाला. "तुमचं चालू द्या."

नूमेआचं बंदर मागे टाकून जहाज पुन्हा भर समुद्राला लागलं होतं. वरच्या डेकवर, पोहण्याच्या तलावाला लागून असलेल्या बारपाशी थर्लो मंडळींनी सकाळपासून आपलं नेहमीचं टेबल अडवून ठेवलं होतं. सगळ्यांना पाजायची ही फेरी रसेलची होती, म्हणून तो हातात कार्ड घेऊन कोणाला काय हवं ते विचारत उभा होता. धाकट्या भावाचं बोलणं ऐकून तो तसाच उभा राहिला. एखाद्याने भर उन्हात स्वेटर मागितल्यावर बघावं तसं त्याने केल्विनकडे पाहिलं आणि नको म्हणजे काय, असं विचारलं. पोट जरा ठीक नाही, असं केल्विनने सांगितलं आणि तो समुद्राकडे बघत बसला.

दुसऱ्या कुठल्या घरात एवढ्यावरून कुणाच्या कपाळाला आठीसुद्धा पडली नसती. पण थर्लोंच्या घरात पडली, आणि त्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी एका शुक्रवारी पोर्ट केम्ब्लाच्या क्लबात केल्विनचा बाप, म्हातारा क्लॅरीही असाच म्हणाला होता, नको, पोट ठीक नाही. तेव्हा सगळ्यांनी त्याची टिंगल केली होती. पोलादाच्या कारखान्यात जन्मभर क्रेन चालवलेला, भट्टीच्या धगीतून आल्यावर पहिली बिअर एका दमात संपवणारा माणूस तो. हिवाळा सरायच्या आत त्याला पुरून आले. यकृत. तेव्हापासून बिअरला नको म्हणणं ही त्या घरात साधी गोष्ट राहिली नव्हती.

केल्विनच्या बायकोने, ट्रूडीने, हळूच सासूकडे पाहिलं. मर्ल बिंगोच्या तिकिटावर खुणा करत होती. तिने पेन खाली ठेवलं, तिकीट उलटं केलं आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन नवऱ्याचा तोच चेहरा आता मुलात शोधत बसली.

केल्विनच्या पोटाला काहीही झालेलं नाही, हे त्या टेबलावर एकट्या ट्रूडीला ठाऊक होतं. दुखणं खिशाचं होतं. आणि ते कुणाला सांगणार नाही, असं तिने नवऱ्याला वचन दिलेलं होतं.

सहल मर्लची. खाडीकाठची जागा विकल्यावर, त्यावरून घरात जे रामायण व्हायचं ते होऊन गेल्यावर, तिने जाहीर केलं होतं की पैसे मागे ठेवून जाण्यापेक्षा तुम्हाला माझ्या डोळ्यांदेखत उडवताना बघेन. सगळ्यांची तिकिटं तिने काढली. केबिन, जेवण, नाचगाणी सगळं त्यात आलं. वरचा खर्च मात्र ज्याचा त्याने करायचा. रसेलचा घसा ओला करायला मी जमीन विकलेली नाही, असं तिने त्याच्या तोंडावर सांगितलं आणि रसेल सगळ्यांत जोरात हसला.

आणि जहाजावरचा वरचा खर्च म्हणजे काय चीज असते, ते ट्रूडीला पाय ठेवल्यापासून कळायला लागलं. कॉफी फुकट, पण ती पिववत नाही. पिववेल अशी कॉफी पैसे टाकून. वायफाय पैसे टाकून. चढताना गळ्यात फुलांची माळ घालून फोटो काढतात तो फोटो पैसे टाकून. किनाऱ्यावर उतरलं की बस, बोट, मासे बघायला काचेच्या तळाची होडी. पण या सगळ्याला ट्रूडी भीत नव्हती. शाळेच्या कँटीनमध्ये पंधरा वर्षं काम केलेली बाई ती, पोरांना नाही म्हणायची सवय असलेली. चिठ्ठ्या, पाट्या, गोड बोलणारे विक्रेते, सगळ्यांना तिने हसून हात जोडले असते. तिला भीती होती ती घरच्या माणसांची, म्हणजे फेऱ्यांची.

निघण्याआधी डीअ‍ॅनने हिशेब मांडला होता. डीअ‍ॅन म्हणजे रसेलची बायको. त्याच्या वायरिंगच्या धंद्याची सगळी बिलं तिच्या हातून जातात, त्यामुळे आकड्यांत तिला कुणी फसवू शकत नाही. तिने दाखवून दिलं की दारूचं पॅकेज घेतलं, माणशी रोजचे ठरावीक पैसे आधी भरले, की कितीही प्या, स्वस्तच पडतं. रसेलने ऐकूनच घेतलं नाही. कारण पॅकेजमध्ये एक अट असते. आपल्या पॅकेजचा ग्लास आपणच प्यायचा. दुसऱ्याला पाजायचा नाही, सख्ख्या बायकोलासुद्धा नाही. "म्हणजे मी माझी घेणार, केल्विन त्याची घेणार?" रसेल म्हणाला होता. "त्याला पिणं नाही म्हणत. ते औषध झालं." आणि या एका मुद्द्यावर, एरवी कशावरच एकमत न होणाऱ्या त्या घराचं एकमत झालं. पॅकेज नको. आपलं नेहमीप्रमाणे, आळीपाळीने. स्वस्त पडणारी गोष्ट केवळ भावाला पाजता येत नाही म्हणून सोडून देणारी माणसं ट्रूडीने दुसरीकडे पाहिली नव्हती. तिला त्यांचं कौतुकही वाटलं होतं आणि धास्तीही वाटली होती.

कारण केल्विन कामाला होता ते टाइल्सचं गोदाम बंद पडलं हे घरच्यांना ठाऊक होतं, पण पुढचं नव्हतं. दुसरीकडे लागलो, असं त्याने सांगून टाकलं होतं. लागलाही होता, तीन आठवडे. त्यानंतर कुणी बोलावलं तर जायचं, नाही तर गॅरेज झाडायचं. ट्रूडीच्या पगारावर घर कसंबसं चालत होतं. जहाजावर बँकेचं कार्ड द्यावं तर ते लोक रोजचे अंदाजे पैसे आधीच अडवून ठेवतात, आणि यांच्या कार्डावर अडवायला काही नव्हतं. म्हणून तिने चढल्याबरोबर काउंटरवर सहाशे डॉलर रोख भरले होते. ते संपले की जहाजाचं कार्ड मुकाट्याने बंद पडणार. बारवर, सगळ्यांसमोर.

आणि पहिल्या संध्याकाळी सगळ्यांत आधी उठला कोण, तर केल्विन. ही माझी, म्हणाला. रसेलची बिअर, डीअ‍ॅनचं छत्री खोचलेलं कॉकटेल, बहीण ग्लेनिसची वाइन, आईची शँडी म्हणजे लेमोनेड घातलेली बिअर, स्वतःची बिअर, आणि ट्रूडीला नुसतं लिंबूपाणी, तेही पैशांचंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याची पाळी आली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग ट्रूडीने केबिनमध्ये त्याला उरलेला आकडा सांगितला. त्याने दाढी करून घेतली, आणि वर येऊन म्हणाला, मला नको.

दुसऱ्याची प्यायची आणि आपली पाळी आली की लघवीला उठायचं, असं करणारा एक नेव्हिलमामा त्यांच्या घरात होऊन गेला. मरून वीस वर्षं झाली, तरी अजून त्याचं नाव त्यावरूनच निघतं. केल्विन स्वतःच काढायचा.

*

दुसऱ्या दिवशी ट्रूडी धुलाईच्या खोलीत होती. कपडे जहाजाकडे धुवायला दिले तर एका शर्टाला पडतात त्या पैशांत घरी नवा शर्ट येतो, म्हणून तिने साबणाची पूड घरून बांधून आणली होती. यंत्र सुरू करून ती बाकावर बसते तोच ग्लेनिस आत आली. तिच्या हातात एकही कपडा नव्हता.

ग्लेनिस ही मधली बहीण, इस्पितळात नर्स. लग्न मोडल्यापासून एकटी राहते, आणि माणसाशी बोलताना आधी त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग बघून घेते. काल जेवताना तिने मीठ मागायच्या निमित्ताने केल्विनची नखं पाहिली होती. ते ट्रूडीच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

"सरळ विचारते," ग्लेनिस म्हणाली. "यकृतच ना?"

"नाही गं. काही नाही."

"बाबांच्या वेळी आई पण असंच म्हणायची."

"ग्लेनिस, खरंच काही नाही. तो ठणठणीत आहे."

"मग पीत का नाही?"

ट्रूडीला इथे सांगून टाकता आलं असतं. यंत्र घरघरत होतं, बाहेरचं कुणी ऐकलंही नसतं. पण केल्विनने नोकरी गेल्याच्या रात्री तिचा हात धरून मागितलेला शब्द होता तो. आयुष्यात त्याने तिच्याकडे फारसं काही मागितलेलं नव्हतं. तिने नुसती मान खाली घातली. ग्लेनिसला एवढं पुरे झालं. ती बाकावर शेजारी बसली, ट्रूडीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि यंत्र थांबेपर्यंत तशीच बसून राहिली. मग ओले कपडे काढायला लागली, जणू धुणं तिचंच होतं.

त्या दिवसापासून घराची हवाच पालटली. डीअ‍ॅन आणि ट्रूडी जागेच्या विक्रीपासून एकमेकींशी कामापुरतं बोलत होत्या. जागा ठेवावी असं केल्विनला वाटत होतं, विकावी असं डीअ‍ॅनला, आणि त्या भांडणात डीअ‍ॅन म्हणाली होती की ज्यांनी त्या जागेचा कर कधी भरला नाही त्यांनी मत देऊ नये. ते वाक्य ट्रूडीने जपून ठेवलं होतं. आता तीच डीअ‍ॅन जिन्यात वाट अडवून उभी राहिली आणि म्हणाली, तेव्हा मी बोलले ते चुकलंच, मला झोप येत नव्हती त्या दिवसांत, तू मनात ठेवू नकोस. तिचे डोळे भरून आले होते. ट्रूडीने तिला मिठी मारली आणि आपण कुणाच्या तरी घरातून भांडं उचलून आणतोय असं तिला वाटलं. पण ती मिठी तिला हवीहवीशीही वाटली, हे ती नाकारू शकली नाही.

रसेलचं तर बघवत नव्हतं. तो सकाळी लवकर उठून तलावाकाठच्या सावलीतल्या खुर्चीवर केल्विनसाठी टॉवेल टाकून ठेवायचा. त्याने भावाच्या पाठीला उन्हाचं मलम चोळून दिलं. बिअर तो आता लपून प्यायचा, दुसऱ्या बारवर जाऊन, देवाचा उपास मोडल्यासारखा.

"रसेलला झालंय काय?" केल्विनने केबिनमध्ये येऊन विचारलं. "झोप लागते का विचारतो. शौचाला साफ होते का विचारतो."

ट्रूडीने त्या दिवशी उत्तर टाळलं. आज सांगू, उद्या सांगू करत तिने आणखी एक दिवस घालवला, कारण एवढ्या प्रेमाने त्या घरात आजवर कुणी केल्विनकडे पाहिलं नव्हतं.

फोटोच्या संध्याकाळी मात्र तिचा धीर सुटला. नटूनथटून जेवायला जायचा दिवस होता. जिन्यापाशी रंगीत पडदे लावून फोटोवाले उभे होते, आणि जहाजावरचे फोटो म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा, असं पहिल्या दिवसापासून बजावत आलेल्या मर्लने स्वतः रांगेत उभं राहून नंबर लावला. निळा झगा, कानात क्लॅरीने घेतलेले मोती. फोटोवाल्याने उंचीप्रमाणे माणसं लावली. मर्लने ती पुन्हा हलवली आणि केल्विनला मधे आणलं, आपल्या शेजारी, आणि त्याचा हात धरला. हसा, असं फोटोवाला म्हणाला. तेव्हा ती केल्विनला म्हणाली, "तू हसू नकोस. नेहमी दिसतोस तसा दिस."

सगळ्यांत मोठा, चौकटीसकट, तिने तिथल्या तिथे मागवला. किंमत विचारली नाही. ट्रूडीने सासूला किंमत न विचारता काही घेताना जन्मात पाहिलं नव्हतं. जेवणात मर्लने मटण तसंच परत पाठवलं.

*

"त्यांना वाटतंय तू मरायला टेकलायस," केबिनचं दार लावून ट्रूडी म्हणाली.

केल्विन गळ्याची टाय सोडवत होता. आधी त्याला कळलं नाही. तिने सगळं सांगितलं; धुलाईची खोली, डीअ‍ॅनची मिठी, फोटोत त्याला मधे का घेतलं ते. तो हसायला लागला. पलंगाच्या काठावर बसून पोट धरून हसला, आणि हसता हसता थांबला.

"म्हणून ते मलम," तो म्हणाला.

"उद्या सकाळी सांग त्यांना."

तो टायची घडी घालत राहिला. "सिडनी येईपर्यंत राहू दे की. उतरल्यावर सांगू, तपासलं, काही निघालं नाही."

"तुझी आई जेवत नाहीये, केल्विन."

"दिसतंय मला." त्याने टाय उशीवर ठेवली. "आजारी माणसाकडे घरचे कसे बघतात, तू पाहिलंस ना? आता कफल्लक माणसाकडे कसे बघतात ते डोळ्यांसमोर आण. रसेल मला कामावर ठेवतो म्हणेल. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा, आणि तो मला वायरची बंडलं उचलायला ठेवेल, आणि दर ख्रिसमसला डीअ‍ॅन ते मोठ्या मनाने कुणापुढे बोलणार नाही."

त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं आणि त्या प्रेमाची चटक तिलाही लागली होतीच. पण तिच्या डोळ्यांसमोरून ते परत गेलेलं ताट हलेना.

"उद्या रात्रीच्या जेवणापर्यंत," ती म्हणाली. "तू नाही सांगितलंस तर मी सांगणार."

"तू शब्द दिलायस."

"दिलाय. तो मोडणार."

इतक्या वर्षांत तिने त्याला असं कधी म्हटलं नव्हतं. केल्विनने तिच्याकडे पाहिलं आणि दिवा मालवला.

*

दुसऱ्या संध्याकाळी रसेलने सगळ्यांना स्टेकच्या हॉटेलात नेलं. जहाजावरच, पण वेगळे पैसे पडणारं. पांढरे टेबलक्लॉथ, हळू आवाजातला पियानो. माझ्याकडून, असं त्याने आधीच सांगून टाकलं होतं. वाढपी पेयं विचारायला आला. केल्विनने पाणी मागितलं आणि ट्रूडीने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला. जेवण यायचं होतं. तिने स्वतःला बजावलं, ताटं येईपर्यंत थांबायचं, त्याच्या पुढे एक मिनिटही नाही.

पण बोलली ती मर्ल.

"केल्विन, उद्या सकाळी जहाजाच्या डॉक्टरकडे तुझं नाव घातलंय."

केल्विनने नको म्हणायला तोंड उघडलं.

"आपलं सरकारी आरोग्यकार्ड तिथे चालत नाही, म्हणून पैसे भरून टाकलेत. रक्ताचेसुद्धा. परत मिळत नाहीत ते, तेव्हा तू जाणार आहेस." मर्लचा आवाज स्थिर होता. तिने तो दिवसभर तयार केला असावा. "तुझ्या बापाला मी पाच महिने 'पोट ठीक नाही' म्हणू दिलं. रोज मला कळत होतं आणि रोज मी गप्प बसले, कारण त्याला विचारलेलं आवडत नसे. तुला ते म्हणू देणार नाही मी. तुला आवडो की न आवडो."

ट्रूडीने श्वास घेतला, आणि केल्विनने तिच्या हातावर हात ठेवला. तिला वाटलं तो गप्प बस म्हणतोय.

"आई," केल्विन म्हणाला, "मला काही झालेलं नाही. माझ्याकडे पैसे नाहीत."

रसेलला वाटलं डॉक्टरचे. आईने भरलेत म्हणाली ना, असं तो समजावून सांगायला लागला.

"डॉक्टरचे नाहीत. बिअरचे. फेरी द्यायला पैसे नाहीत माझ्याकडे. म्हणून पीत नव्हतो." आणि मग, एकदा गाडं घसरल्यावर थांबवता न यावं तसं, त्याने सगळं सांगून टाकलं. तीन आठवड्यांची नोकरी, गॅरेज, काउंटरवर भरलेले रोख. टेबलक्लॉथकडे बघत सांगितलं.

पहिला भडकला तो रसेल. चार दिवस, म्हणाला, चार दिवस आई झोपली नाही, मी त्या बारच्या मागे उभा राहून चोरासारखा प्यालो, आणि तू मला मलम चोळू दिलंस. डीअ‍ॅनने ट्रूडीकडे पाहिलं. म्हणजे तुला माहीत होतं तर, असं ती हळूच म्हणाली, आणि जिन्यातली ती मिठी तिने त्या एका नजरेने परत घेतली. आता आपण दोघं या घरात कुठे बसणार, ते ट्रूडीला दिसायला लागलं. टेबलाच्या कडेला, कायमचे.

तिच्या मदतीला आली ती ग्लेनिस, जिच्याकडून ट्रूडीची मुळीच अपेक्षा नव्हती. "ती मला सांगत होती, तो ठणठणीत आहे म्हणून," ग्लेनिस म्हणाली. "मीच ऐकलं नाही. आपल्यापैकी एकाने तरी त्याला कामाचं कसं चाललंय असं विचारलं होतं का?"

मर्ल इतका वेळ मुलाकडे बघत होती. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, आनंदही नव्हता. तिला अजून पोचलंच नसावं.

"परत सांग," ती म्हणाली.

"पैसे नाहीत, आई."

"ते नाही. आधीचं."

"मला काही झालेलं नाही."

"पुन्हा."

"मला काही झालेलं नाही, आई. धडधाकट आहे मी."

मर्लने रुमाल तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. वाढप्याला वाटलं स्टेकला उशीर झाला म्हणून. तो धावत आला, आणि रसेलने त्याला काय सांगावं ते न सुचून बिअर आण म्हणून सांगितलं, भावाला आधी आण. केल्विनने नको म्हणून मान हलवली.

"मला फेडता येणार नाही ती."

"कोण मोजतंय इथे?"

"मी मोजतोय, रसेल."

रसेलचा राग एव्हाना ओसरला होता आणि खाली नुसता मोठा भाऊ उरला होता. त्याला काहीतरी द्यायचं होतं, लगेच, आणि काय द्यावं ते कळत नव्हतं. माझ्याकडे काम आहे रे, असं तो म्हणायला गेला, तेव्हा मर्लने रुमालाआडून हात वर केला आणि तो अर्ध्यावर थांबला.

केल्विन ट्रूडीकडे वळला. "कार्डावर किती आहेत?"

तिला सेंटापर्यंत ठाऊक होतं. या महागड्या हॉटेलात एक फेरी निघेल, तीही डीअ‍ॅनने कॉकटेल मागितलं नाही तर. आणि निघाली तर घरी पोचेपर्यंत दोघांना एक कप बरी कॉफीसुद्धा मिळणार नाही. इतके दिवस तिने ते पैसे चिमटीत धरून ठेवले होते. तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"आहेत," ती म्हणाली. "एक फेरी होईल."

केल्विनने वाढप्याला हाक मारली. ही माझी, म्हणाला. डीअ‍ॅनचा हात सवयीने पर्सकडे गेला. अरे पण तू आत्ताच, असं ती म्हणू लागली, तेव्हा मर्लने शेजारून तिचं मनगट धरलं.

"देऊ दे त्याला," मर्ल म्हणाली.

वाढपी एकेकाला विचारत डीअ‍ॅनपाशी आला. तिने पेयांचं पत्रक उघडलं. ट्रूडी श्वास रोखून बसली. डीअ‍ॅनची नजर पत्रकाच्या उजव्या बाजूने, किमतींच्या बाजूने, खाली उतरली, मग ती टेबलावरच्या माणसांवरून फिरली, आणि बिलं बघण्यात जिचा हात धरणारा कुणी नाही अशा त्या बाईने मनातल्या मनात बेरीज केली. तिने पत्रक मिटलं.

"मला बिअर चालेल," डीअ‍ॅन म्हणाली. बिअरच्या वासाने तिचं डोकं दुखतं, हे रसेललासुद्धा ठाऊक होतं. ट्रूडीने टेबलापलीकडून तिच्याकडे पाहिलं, आणि डीअ‍ॅनने यावेळी नजर काढून घेतली नाही.

कार्ड यंत्रावर ठेवलं. यंत्राने जरा वेळ घेतला, मग पावती बाहेर आली. केल्विनने खाली सही केली.

ग्लास आले. केल्विनने आपली बिअर अर्धी एका घोटात संपवली आणि डोळे मिटून घेतले. पुढची फेरी रसेलने मागवली तेव्हा केल्विनने नको म्हणून ग्लासावर हात ठेवला नाही. त्याचा चेहरा मात्र लाल झाला होता, आणि ट्रूडीला कळलं की हे त्याला आजारी राहण्यापेक्षा जड जातंय. तरी तो प्याला.

मर्ल शँडी मागवते आणि कधीही अर्ध्याच्या पुढे जात नाही. उरलेली जो कुणी शेजारी असेल त्याच्यापुढे सरकवते. त्या संध्याकाळी केल्विनने दिलेला ग्लास तिने दोन्ही हातांत धरला, आणि तळ दिसेपर्यंत खाली ठेवला नाही.